बाळंतिणीचा काढा लेकराला बाधतो का?

यवतमाळ जिल्ह्यातली 24 दिवसांची बाळंतीण. तिची काळजी अशी: “ताई, दूध पुरत नाई म्हणून काढा घेतो, पण लेकरू रातभर झोपत नाई. काढ्यानंच होत असंन का?”

आधी बाळ तपासलं. जन्माचं वजन 2.7 किलो, आता 3.2, लघवी दिवसाला सात-आठ वेळा. म्हणजे दूध पुरत होतं. मग आईचे कप मोजले, तर नऊ निघाले: दोन ओवा-बाळंतशोपाचे, तीन तालुक्याहून आणलेल्या ‘दूध वाढवणाऱ्या’ पाकिटातल्या चहाचे आणि चार कोऱ्या चहाचे!

या वयात रात्री जागणारी लेकरं असतातच. तरी संशय आधी कोऱ्या चहावर. कपात साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम कॅफीन असतं, उकळून कडक केला की जास्त. आईच्या अंगातून ते काही तासांत उतरतं. नवजात बाळात अर्धं व्हायलाच तीन-चार दिवस जातात, म्हणून साचतं. चहा दोन कपांवर आणायला सांगितलं. रक्तवाढीची गोळीही ती चहासोबतच गिळत होती. चहा लोह अंगी लागू देत नाही. दोघांत किमान तासाभराचं अंतर हवं.

पाकिटावर ज्येष्ठमध, मेथी, बडीशेप लिहिलेलं. तिला शेवटच्या महिन्यात बीपी होतं आणि ज्येष्ठमध बीपी वाढवतं, तेव्हा ते पाकीट पूर्ण बंद. मेथीनं काही बाळांचं पोटही बिघडतं. ज्येष्ठमध-बडीशेपेचा असाच मिश्र चहा रोज दोन लिटरहून जास्त पिणाऱ्या आयांची दोन नवजात बाळं सुस्त पडल्याची, दूध ओढेनाशी झाल्याची नोंद 1994 ची आहे. चहा थांबवल्यावर ती सावरली. घात प्रमाणानं होतो.

सासूबाईंचा घरचा काढा मात्र काढून घेतला नाही, आणि तशी गरजही नव्हती. कपभर पाण्यात ओवा आणि बाळंतशोपा अर्धा-अर्धा चमचा, पाच मिनिटं उकळून गाळायचा, जेवणानंतर दिवसातून एकदा, फार तर दोनदा. बाळाला त्यातला थेंबही नको. सहा महिने फक्त अंगावरचं दूध. दूध वाढतं ते बाळानं ओढल्यानं: 24 तासांत 8 ते 12 वेळा, रात्रीचंही धरून.

बाळ सुस्त पडलं, दूध ओढेनासं झालं, वारंवार ओकू लागलं किंवा लघवी सहापेक्षा कमी झाली, तर आशाताईची वाट न पाहता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं, पाकीट सोबत घेऊन.