‘वेळ संपला’ की ‘वेळ संपली’? कॉलेज फुटबॉलच्या घड्याळाची मराठी

विचारणा अशी आहे: पुतणी अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या संघातून फुटबॉल खेळते, म्हणजे तिकडे ज्याला सॉकर म्हणतात तो. काका तिच्या सामन्यांचा वृत्तान्त मराठीत लिहून घरच्यांना पाठवतात. तिथलं घड्याळ ४५ मिनिटांवरून उलटं शून्याकडे येतं, मध्येच थांबतं, पुन्हा सुरू होतं आणि शून्यावर आलं की भोंगा वाजतो. अशा सामन्यात ‘भरपाई वेळ’ लिहायचा की ‘जादा वेळ’? आणि शेवटी ‘वेळ संपला’ म्हणायचं की ‘वेळ संपली’?

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

‘वेळ’ हा शब्द मराठीत दोन लिंगांत चालतो आणि लिंग बदललं की अर्थ बदलतो. तो वेळ म्हणजे अवधी. तो मोजता येतो, पुरतो, उरतो, वाया जातो: ‘माझा फार वेळ गेला’, ‘थोडा वेळ थांब’. ती वेळ म्हणजे नेमका क्षण किंवा ठरलेला प्रसंग: ‘गाडीची वेळ झाली’, ‘माझ्यावर वाईट वेळ आली’. परीक्षेच्या खोलीत हे दोन्ही अर्थ शेजारीशेजारी ऐकू येतात. विद्यार्थी म्हणतो, ‘वेळ पुरला नाही’, आणि पर्यवेक्षक म्हणतात, ‘वेळ संपली, पेपर द्या’. विद्यार्थ्याच्या मनात मिनिटं असतात, तर पर्यवेक्षकांच्या मनात नेमून दिलेली मुदत. रूपंही वेगळी होतात. ‘थोड्या वेळात येतो’ पण ‘ठरलेल्या वेळेत पोहोच’. ‘वेळकाढूपणा’तला वेळ पुल्लिंगी आणि ‘वेळ मारून नेणे’ यातली वेळ स्त्रीलिंगी, हे कोणी न शिकवता आपल्याला कळतं. बोलताना सीमारेषा थोडी पुसट होते हे खरं, पण भेद जिवंत आहे आणि फुटबॉलसाठी तो फार कामाचा आहे.

जगभर जे फुटबॉल खेळलं जातं, त्याच्या नियमावलीतला सातवा नियम सामन्याच्या कालावधीचा आहे. ४५ मिनिटांचे दोन अर्ध. खेळाडू बदलणं, दुखापत, कार्ड दाखवणं, गोलनंतरचा जल्लोष, पाणी पिण्याची विश्रांती, व्हिडिओ तपासणी, मुद्दाम केलेला वेळकाढूपणा, या सगळ्यांत जो वेळ गेला तो पंच अर्धाच्या शेवटी वाढवून देतो. चौथा पंच फलक वर धरतो, त्यावरचा आकडा किमान असतो. मुख्य पंच तो वाढवू शकतो, कमी करू शकत नाही. मैदानावरच्या मोठ्या घड्याळात ९०:०० दिसले तरी त्याला काही अधिकार नसतो. शिट्टी वाजेल तेव्हाच सामना संपला. म्हणजे तिथे शेवट हा पंचाने जाहीर केलेला क्षण आहे. तिथे मी डोळे मिटून ‘वेळ संपली’ लिहीन, किंवा त्याहून चांगलं म्हणजे ‘वेळ झाली’.

अमेरिकेतल्या कॉलेज क्रीडास्पर्धा ज्या संघटनेच्या नियमांनी चालतात ती एनसीएए. तिच्या फुटबॉलमध्येही ४५ मिनिटांचे दोन अर्धच आहेत, पण वेळ ठेवण्याची रीत अगदी वेगळी. फलकावरचं घड्याळ ४५:०० पासून खाली येतं आणि तेच अधिकृत. गोल झाला, पेनल्टी दिली, कार्ड दाखवलं किंवा कोणी जखमी होऊन पंचाने खूण केली की घड्याळ थांबतं. खेळ सुरू झाला की पुन्हा चालू. शेवटच्या दहा सेकंदांची उलटगणती मोठ्याने होते, शून्यावर भोंगा वाजतो आणि खेळ तिथे संपतो. चेंडू त्या क्षणापूर्वी संपूर्णपणे गोलरेषेच्या आत गेलेला असला पाहिजे. हवेत असताना भोंगा झाला तर गोल नाही. इथे अवधीचा एक ठरलेला साठा असतो आणि तो सर्वांच्या डोळ्यांदेखत कमी होत जातो. म्हणून काकांनी निःशंकपणे ‘वेळ संपला’ लिहावं.

आता ‘भरपाई वेळ’. मराठी वृत्तपत्रांनी हा शब्द रुजवला आणि छान रुजवला. ‘इंज्युरी टाइम’पेक्षा तो कितीतरी नेमका आहे, कारण दुखापत हे वाया गेलेल्या वेळेचं अनेक कारणांपैकी फक्त एक कारण. ‘भरून पावणे’ ही आपल्या देण्याघेण्याच्या व्यवहारातली भाषा. आजही पावतीवर ‘रक्कम भरून पावली’ असं लिहितात. जे गेलं ते परत मिळालं, हिशेब मिटला. पंच मनगटावरच्या घड्याळाकडे पाहून नेमकं हेच करतो. गेलेली मिनिटं तो शेवटी परत देतो.

पण भरपाई व्हायला आधी नुकसान व्हावं लागतं. कॉलेजच्या सामन्यात गोल झाल्यावर घड्याळच थांबलं, तर त्या जल्लोषात कोणाचं एक सेकंदही गेलं नाही. म्हणून तिथे ‘भरपाई वेळ’ अस्तित्वातच नाही. ‘सामन्याच्या भरपाई वेळेत तिने गोल केला’ असं एनसीएएच्या सामन्याबद्दल लिहिलं, तर ते शब्दाने चुकलेलं नाही, घटनेने चुकलेलं आहे. तिथे लिहायचं ते इतकंच: ‘घड्याळ थांबवलं’, ‘घड्याळ पुन्हा सुरू झालं’, ‘१ मिनिट १२ सेकंद बाकी असताना गोल झाला’. ‘बाकी असताना’ ही रचना मला इथे सगळ्यात आवडते. उलट्या घड्याळाला ती अंगाबरोबर बसते. उरलेला वेळ सांगणं मराठीला मुळीच परकं नाही. ‘पावणेपाच’ किंवा ‘पाचाला दहा कमी’ म्हणताना आपण पुढच्या तासापासून मागेच मोजतो.

‘जादा वेळ’ हा तिसराच प्रकार, आणि खरा गोंधळ याचाच आहे. बरोबरी झाली म्हणून बाद फेरीत १५-१५ मिनिटांचे दोन नवे भाग खेळवतात, तो जादा वेळ. काही ठिकाणी त्याला ‘अतिरिक्त वेळ’ म्हणतात आणि तोच शब्द ९० मिनिटांनंतरच्या तीन-चार मिनिटांनाही लावतात. मग ‘अतिरिक्त वेळेत विजय’ असा मथळा वाचून सामना १२० मिनिटं चालला की ९४, हे कळत नाही. माझं मत ठाम आहे: वाया गेलेला वेळ परत देणं म्हणजे भरपाई, आणि निकाल लागावा म्हणून नव्याने खेळवणं म्हणजे जादा. ‘अतिरिक्त’ दोन्हींकडे झुकतो, म्हणून फुटबॉलच्या वृत्तान्तात तो टाळलेला बरा.

कॉलेज फुटबॉलमध्ये जादा वेळ असतो, आणि त्याचा नियम अलीकडेच बदलला आहे. २०२१च्या हंगामापर्यंत साखळी सामन्यातही बरोबरी झाली की दहा-दहा मिनिटांचे दोन भाग खेळवत आणि पहिला गोल होताच सामना संपे. हा गोल्डन गोल जागतिक नियमांतून २००४ मध्येच गेला होता, कॉलेजांनी तो पुढे बराच काळ जपला. २०२२ पासून नियमित हंगामातला सामना बरोबरीत सुटला तर सुटला. हंगामानंतरच्या स्पर्धांत मात्र दहा मिनिटांचे दोन्ही भाग पूर्ण खेळवतात आणि तरीही बरोबरी राहिली तर पेनल्टी. तेव्हा पुतणीचा सामना साखळीतला असेल तर काकांना ‘जादा वेळ’ हे शब्द वापरायची वेळच येणार नाही.

घड्याळ चालवणाऱ्या व्यक्तीला काय म्हणावं, हे विचारलेलं नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘टाइमकीपर’ लिहायची गरज नाही. खो-खोच्या मैदानावर पंच, सरपंच, गुणलेखक यांच्याबरोबर वेळाधिकारी असतोच. फुटबॉलच्या जागतिक रीतीत हे पद मुख्य पंचातच विलीन झालेलं आहे, तर कॉलेजच्या रीतीत ते स्वतंत्रपणे मैदानाबाहेर बसलेलं आहे. आपल्याकडचा शब्द तिथे जसाच्या तसा लागू पडतो.

आणि खो-खोकडे वळलोच आहोत तर त्याच्या बातम्यांची भाषा पाहा. ‘एक गुण व तीन मिनिटे राखून विजय’, ‘दोन मिनिटे दहा सेकंद संरक्षण केले’. खेळाडूची कामगिरीच मिनिटा-सेकंदांत सांगितली जाते. ‘राखून’ हा शब्द किती अचूक आहे! हातात असलेला वेळ पूर्ण खर्च न करता जिंकलं, एवढं सगळं त्या तीन अक्षरांत येतं. कबड्डीतही तीस सेकंदांची चढाई असते आणि विश्रांतीसाठी घड्याळ थांबवण्याची सोय असते. उघड्या घड्याळाची आपल्याला सवय आहे. मराठी माणसाला कॉलेज फुटबॉलची रीत विचित्र वाटते ती केवळ फुटबॉलच्या सवयीमुळे. कबड्डी आणि खो-खो पाहणाऱ्याला ती लगेच उमजेल.

वेळ कोणाच्या हातात असावा, हा वाद भाषेपेक्षा मोठा आहे, पण त्यावर बोलल्याशिवाय शब्दांची निवडही अर्धवट राहते. ३ जून १९७८ला अर्जेंटिनात मार देल प्लाता इथे विश्वचषकात ब्राझील आणि स्वीडन १-१ असे बरोबरीत होते. अगदी शेवटी ब्राझीलला कॉर्नर मिळाला, नेलिन्होने चेंडू मारला आणि झिकोने डोक्याने तो जाळ्यात घातला. पण चेंडू हवेत असतानाच वेल्सचे पंच क्लाइव्ह थॉमस यांनी शिट्टी वाजवली होती. गोल नाही, सामना बरोबरीत. नियमाच्या दृष्टीने ते पंचाच्या अधिकारातच होतं. तरीही तो निर्णय आजही लोकांना खुपतो, कारण वेळ झाली हे त्या क्षणी फक्त एकाच माणसाला माहीत होतं. कॉलेजच्या मैदानावर हेच घडलं असतं तर ब्राझीलचं दुःख तेवढंच असतं, पण संशयाला जागा नसती. सगळ्यांनी मिळून शेवटचे दहा आकडे मोजलेले असते.

उलट २१ नोव्हेंबर २०२२ला कतारमध्ये इंग्लंड आणि इराणच्या सामन्यात, इराणच्या गोलरक्षकाच्या डोक्याला मार लागल्यामुळे पहिल्या अर्धालाच १४ मिनिटांची भरपाई द्यावी लागली. त्या विश्वचषकात पंचांना वाया गेलेला वेळ काटेकोरपणे मोजायला सांगितलं होतं, म्हणून असे मोठे आकडे वारंवार दिसले. मिनिटं इतक्या काटेकोरपणे मोजायची, तर घड्याळ थांबवणं सरळ नाही का, असा विचार तिथे मनात येतोच. खुद्द नियम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने २०१७ मध्ये चर्चेसाठी एक कल्पना पुढे ठेवली होती: तीस-तीस मिनिटांचे दोन अर्ध आणि चेंडू खेळाबाहेर गेला की घड्याळ बंद. ती स्वीकारली गेली नाही. अमेरिकेच्या व्यावसायिक मेजर लीग सॉकरचा प्रवास तर उलटा झाला. १९९६ मध्ये ती उलट्या घड्याळाने सुरू झाली आणि २००० पासून तिने ते सोडून पंचाच्या मनगटावर विश्वास टाकला. कॉलेजं मात्र आपल्या घड्याळाला धरून राहिली.

कॉलेजांनी हेच घड्याळ ठेवावं असं मला मनापासून वाटतं. तिथे खेळणारी मुलं विद्यार्थी आहेत आणि हंगाम छोटा. शेवटच्या मिनिटाला काय करायचं हे ठरवताना किती सेकंद उरलेत ते त्यांना दिसायला हवं. पण या रीतीचा दोषही सांगायला हवा. गोलकिक आणि थ्रो-इनच्या वेळी तिथे घड्याळ चालूच राहतं. एका गोलने पुढे असलेला संघ चेंडू लांब भिरकावतो, उचलायला रमतगमत जातो आणि सेकंदं गळत राहतात. पंचाने खूण करून घड्याळ थांबवलं नाही, तर तो वेळ गेला तो गेलाच, कारण भरपाईची सोयच नाही. म्हणून वेळकाढूपणाची शिक्षा जागतिक रीतीपेक्षा इथे तातडीने व्हायला हवी. निदान शेवटच्या पाच मिनिटांत तरी चेंडू बाहेर गेला की घड्याळ बंद, असा नियम मला न्याय्य वाटेल.

काकांसाठी आणखी दोन गोष्टी. कॉलेजांच्या अधिकृत गुणपत्रकात गोलची वेळ सुलटी देतात, म्हणजे सुरुवातीपासून किती मिनिटं झाली ती. फलकावर ५:४८ उरलेले असताना दुसऱ्या अर्धात झालेला गोल गुणपत्रकात ८४:१२ असा दिसेल. दोन्ही पद्धती एकाच वृत्तान्तात मिसळू नयेत. ‘८५व्या मिनिटाला’ किंवा ‘पावणेसहा मिनिटं बाकी असताना’, यातलं एक धरावं. आणि ‘पहिला हाफ, दुसरा हाफ’ लिहिण्यापेक्षा ‘पूर्वार्ध’ आणि ‘उत्तरार्ध’ लिहावं. मराठी क्रीडापत्रकारितेत ते इतके मुरलेले आहेत की जड वाटत नाहीत.

भोंग्याला एकच अपवाद आहे. पेनल्टी दिलेली असेल आणि वेळ संपत आला असेल, तर ती घेऊन होईपर्यंत अर्ध लांबवतात. तेवढ्या प्रसंगासाठी ‘वेळ संपल्यानंतर पेनल्टीवर गोल’ असं लिहिलं तर ते अचूकच आहे, आणि ‘संपल्यानंतर’मध्ये लिंगाचा प्रश्नही उरत नाही.