कोरोनात वडील गेले तेव्हा रडलो नाही, मग आता का रडू येतं?

तुम्ही विचारलंय की २०२१ साली वडील गेले तेव्हा डोळ्यांतून पाणीही आलं नाही, आणि आता कुणाच्याही रक्षाविसर्जनाला गेलं की हुंदका आवरत नाही, तर आपलं काही बिघडलंय का? मला तसं वाटत नाही. माझी आई त्याच वर्षी मे महिन्यात कोरोनानं गेली, म्हणून लिहितोय.

आपल्या कोल्हापुरात माणूस गेला की घराला एकटं सोडत नाहीत. गल्ली, तालीम, भावकी जमते. घरात चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भाकरी येते. पंचगंगेवर रक्षाविसर्जन होतं, नैवेद्याला कावळा शिवेपर्यंत सगळे ताटकळत उभे राहतात. पुढं कितीतरी दिवस भेटायला येणारा प्रत्येक जण "कसं काय झालं हो?" विचारतो आणि आपण तेच पुन्हा पुन्हा सांगतो. त्या सांगण्यातूनच माणूस गेल्याचं हळूहळू मनाला पटत जातं.

कोरोनात नेमकं हेच झालं नाही. अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा होती आणि आम्ही तर घरीच विलगीकरणात होतो. आईला अग्नी दिला तो पीपीई किट घातलेल्या कर्मचाऱ्यांनी. त्यांचे उपकार फिटणार नाहीत. राखेपासून धोका नाही, रक्षा नेता येते, असं केंद्र सरकारच्या मार्च २०२० च्या सूचनांत स्पष्ट लिहिलं होतं. पण भीतीच इतकी होती की रक्षेलाही जवळची माणसं आली नाहीत. भेटायला कोण येणार?

म्हणून राहिलेलं आता करा. आम्ही एका वर्षी आईच्या तिथीला, तेव्हा येऊ न शकलेल्या सगळ्यांना जेवायला बोलावलं. विधी थोडक्यात उरकला, बोलणं संध्याकाळपर्यंत चाललं. भिशीतल्या बायकांनी सांगितलं, आषाढात टेंबलाई देवीला पाणी घालायला जाताना आई पी-ढबाक वाद्यांच्या तालावर सगळ्यांच्या पुढं नाचायची. घरात आम्ही तिला साधं गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं! त्या दिवशी मी सगळ्यांदेखत रडलो, आणि पाठीवर हात ठेवायला माणसं होती.

झोप, जेवण, कामधंदा हेच बिघडत असेल तर मात्र नुसत्या पाहुण्यांवर भागवू नका. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेली-मानस फोन सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

तुमच्या वडिलांच्या कुठल्या मित्राला तेव्हा यायचं होतं आणि येता आलं नाही? पहिला फोन त्यांना करा.