मॅडम, पोराचा फोन काढून घेऊ का?

माझ्याकडे समुपदेशनाला एक आई आली होती (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). मुलगा १९ चा, डिप्लोमाला, दोन केटी (राहिलेले विषय). तिचं एकच, "मॅडम, फोन काढून घेऊ का? की पोलिसात जाऊ?" रात्री दोन-दोनपर्यंत टेलिग्रामवरच्या धर्माच्या नावाने भडकवणाऱ्या कट्टर ग्रुपमध्ये, क्रिकेट बंद, जुन्या मित्रांसोबतचे फोटो डिलीट, आणि बहिणीला जीन्सवरून असं काही बोलला की ती न जेवता झोपली. मुलगा कुठल्या धर्माचा ते मुद्दाम सांगत नाहीये, सांगितलं की अर्धे लोक "आपल्यात नसतं असं" म्हणून निवांत होतात. असतं हो, सगळ्यांत असतं.

फोन तर वडिलांनी आधीच आपटून फोडला होता. चार दिवसांत नवा आला, ग्रुपमधल्या कुठल्याशा "सरां"नी पाठवलेला. म्हणजे बापाने फोडला आणि सरांनी दिला, आता पोरगं कोणाचं ऐकणार? हे सर रोज विचारायचे जेवलास का, पेपर कसा गेला. घरी फक्त केटी निघायची.

मी म्हटलं वाद घालू नका, धर्म-इतिहासावर तर अजिबात नको, तो पाठ करून बसलेला असतो, तुम्ही नाही. सोबत जेवा, केटी बाजूला ठेवा. खरा कामाला आला त्याचा जुना टीममेट, त्याला सांगितलं उपदेश नको, नुसता टर्फवर ने. तीनदा नाही म्हणाला, चौथ्यांदा एक प्लेअर कमी पडतोय म्हटल्यावर गेला. नंतर वडापाव खाताना मित्राने सहज विचारलं, "तुझ्या सरांचं नाव काय रे?" ह्याला सांगता येईना. सेशनला येऊन माझ्यासमोर पहिलं हेच बोलला.

आता पोलिसांचं. हत्यार, कोणाला तरी संपवायची भाषा, घर सोडायची तयारी असं दिसलं तर माझ्यासारखीचीही वाट बघू नका. २०१४ मध्ये कल्याणची चार मुलं यात्रेला म्हणून इराकला गेली ती आयसिससाठी, घरच्यांना कळेपर्यंत उशीर झाला होता. नंतर आपल्या एटीएसने (राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने) बऱ्याच पोरांना अटक न करता, घरच्यांना सोबत घेऊन समजावलंय, त्यामुळे पोलीस म्हणजे थेट जेलच असं नाही. आणि तुम्हालाच ताण असह्य झाला तर १४४१६, टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

वडिलांना फोनबद्दल सॉरी म्हणायला दोन महिने लागले, तेही चहा ओतता ओतता, त्याच्याकडे न बघता. पोरगा एका ग्रुपमध्ये अजून आहे, त्यानेच सांगितलं मला.