नैसर्गिक संसाधनांचं अर्थशास्त्र एम.ए.ला घ्यावं का? गणित कच्चं असेल तर?

तुम्ही लिहिलंय की बी.ए. अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहात, घरची शेती माण तालुक्यात आहे, एम.ए.ला हा ऐच्छिक विषय घ्यायचं मनात आहे, पण गणिताची धास्ती वाटते. निसर्गाची ओढ एवढ्यावर भागेल का?

मी हा विषय शिकले आणि आता पाण्यावरच काम करते. नुसत्या ओढीवर भागणार नाही. पण विषय जरूर घ्या. फक्त वर्ग सुरू व्हायच्या आधी एक गोष्ट करा: तुमच्या डोळ्यांसमोर उपसलं जाणारं एक संसाधन निवडा आणि पुढची दोन वर्षं जे जे शिकवतील ते त्यावर घासून बघा. वाळू, मासळी, कुरण, काहीही चालेल. माझ्यासाठी ती विहीर होती.

आमचं गाव आटपाडीकडचं. मी लहान असताना आमची विहीर सात परस खोल होती (परस म्हणजे साधारण पुरुषभर उंचीचं माप). खालच्या अंगाच्या शेजाऱ्यानं क्रेन लावून त्याची नऊ परस नेली. मग आम्ही दहा. मग त्यानं तळातून आडवी बोअरं मारली. त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नव्हता. आपण पाणी राखलं तर ते दुसऱ्याच्या विहिरीत उतरणार, हे त्यालाही कळत होतं आणि वडिलांनाही. डाळिंबाचे पैसे दोन्ही घरं खोदाईत घालत राहिली.

एम.ए.च्या वर्गात सरांनी एच. स्कॉट गॉर्डन यांचा मासेमारीवरचा १९५४ चा लेख फळ्यावर समजावला. समुद्रात कुणालाही जाळं टाकायला मोकळीक असली, की एकूण मासळीची किंमत आणि ती पकडण्याचा एकूण खर्च सारखा होईपर्यंत नव्या होड्या उतरतच राहतात. मधला सगळा नफा विरून जातो. मी वहीच्या कडेला आमच्या दोन विहिरी काढल्या आणि होडीच्या जागी क्रेन लिहिलं. पाणी होतं तेवढंच राहिलं होतं, ते वर काढायचा खर्च वाढला होता.

असं घासून बघितलं की पुस्तक कुठे अपुरं पडतं तेही कळतं. पाठ्यपुस्तकातला भूजलसाठा बहुतेक वेळा एखाद्या मोठ्या हौदासारखा असतो, वर्षानुवर्षं हळूहळू खाली जाणारा. आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत मावेल तेवढंच पाणी. पाऊस चांगला झाला की विहिरी भरतात, आणि उन्हाळ्यात पुन्हा तळ दिसतो. म्हणजे आपल्याकडचं भांडण नातवंडांच्या पाण्यापेक्षा यंदाच्या मार्च-एप्रिलच्या पाण्यावरून जास्त. त्याला उपायही तसाच लागतो: रब्बीच्या आधी पाणी मोजायचं आणि मग पिकं ठरवायची. हिवरे बाजारची ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडून हेच करते. पुरंदरमधल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर उभारलेली पाणी पंचायत त्याहून पुढे गेली. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं, भूमिहीनालाही वाटा, ऊस बंद, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. पुढे २००९ मध्ये नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं लेखन वाचायला घेतलं, तेव्हा सामायिक साधनं लोक स्वतःचे नियम करून टिकवू शकतात हे त्यांचं म्हणणं मला परकं वाटलंच नाही.

आता गणित. कलन (कॅल्क्युलस) लागतं, मर्यादेत राहून सगळ्यात चांगला पर्याय काढायची लाग्रांजची पद्धत लागते, पुढे तेच अनेक वर्षांसाठी एकदम काढायचं हॅमिल्टनियनही येतं. रोज तासभर बसलात तर एका सत्रात हात बसेल. मला सगळ्यात जास्त हादरवलं ते मात्र शाळेतल्या चक्रवाढ व्याजानं. पन्नास वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत १० टक्के दरानं ८५ पैसे होते, आणि ३ टक्क्यांनी जवळपास २३ रुपये. जंगल राखणं परवडतं की तोडणं, हा निकाल या एका दरावर फिरू शकतो. प्रकल्पाचा कुठलाही अहवाल हातात आला की मी आधी तो दर शोधते.

खनिजांचा भाग आला की हॉटेलिंग यांचा १९३१ चा नियम शिकाल: काढण्याचा खर्च वजा जाता खनिजाची किंमत व्याजदराच्या वेगानं वाढत गेली पाहिजे, नाहीतर मालक सगळं आजच काढून पैसे बँकेत ठेवेल. तेव्हा गोवा डोळ्यांसमोर ठेवा. तिथलं लोहखनिजाचं खाणकाम २०१२ मध्ये थांबलं. एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं उपशावर वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या रकमेतले १० टक्के कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितले, म्हणजे पुढच्या पिढ्यांसाठी काही उरावं. दहा टक्के पुरेसे आहेत का, एवढ्या एका प्रश्नावर तुमचा लघुप्रबंध होईल. माझ्या मते नाहीत. खनिज विकणं हे वडिलोपार्जित जमीन विकण्यासारखं आहे, आणि तो पैसा घरखर्चात गेला तर पुढच्यांच्या हाती काय राहणार?

विद्यापीठ निवडताना नावापेक्षा दोन गोष्टी विचारा: प्रत्यक्ष गावात जाऊन करायचा प्रबंध आहे का, आणि आकडेवारी संगणकावर हाताळायला शिकवतात का. पुण्याच्या गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या फायद्यांचा अभ्यास केला, तो १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथालयात मिळाला तर चाळा. सिंचनाचे थेट आणि आडवाटेनं होणारे फायदे वेगवेगळे कसे मोजायचे, हे त्यात बघायला मिळतं.

आणि या मे महिन्यात घरी जाल तेव्हा दोरीला दगड बांधून तुमच्या विहिरीतलं पाणी किती खाली आहे ते मोजा. तारीख घाला. पावसाळा संपल्यावर पुन्हा मोजा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा तालुक्यातल्या निरीक्षण विहिरींची पातळी मोजत असते, तिचे आकडे शेजारी मांडा. काही अडलं तर इथेच विचारा, मी बघेन.