अगदी कमी आवाजात इलेक्ट्रिक गिटार वाजवताना कॉम्प्रेसर पेडलचा उपयोग होतो का? सेटिंग कसं करावं?

तुमची अडचण अशी: रात्री अॅम्प जेमतेम उघडा ठेवावा लागतो, मग क्लीन टोन कोरडा वाटतो, सूर लगेच विझतात, हळू छेडलेली तार ऐकूच येत नाही आणि जरा जोरात स्ट्रम केलं की सगळं घर दचकतं. कॉम्प्रेसर यावर खरंच चांगला उपाय आहे. फक्त स्टेजवरचं सेटिंग जसंच्या तसं घरी आणू नका.

ट्यूब अॅम्प मोठ्या आवाजात चालतो तेव्हा पॉवर ट्यूब आणि स्पीकर मिळून सिग्नलची टोकं आपोआप दाबत असतात. आवाज उतरवला की हे काम थांबतं. शिवाय खोलीत पंख्याची घरघर असतेच. खाली ती घरघर, वर घरच्यांची झोप, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत तुमचं हळू-जोरात वाजवणं बसवायचं असतं. कॉम्प्रेसर मोठे सूर खाली आणतो, म्हणून सगळा सिग्नल थोडा उचलता येतो आणि हळू सूर घरघरीच्या वर निघतात.

पण उचलताना नकोसा आवाजही उचलला जातो. रेशो (किती प्रमाणात दाबायचं ते) ४:१ असेल तर थ्रेशोल्डच्या (ज्या पातळीपुढे दाबणं सुरू होतं तिच्या) १२ डेसिबल वर जाणारा सूर ३ डेसिबलवरच थांबतो, म्हणजे ९ डेसिबल दबले. ते ९ आउटपुटने भरून काढले, की गिटारचा हम (सतत घुमणारा आवाज) आणि पेडलची सरसर तितकीच वर येते. शांत खोलीत, सूर विझत असताना ती लगेच कानात भरते. म्हणून रेशो ३:१ च्या आसपास ठेवा आणि जोरात वाजवल्यावर ४ ते ६ डेसिबलच दबतील इतकं पाहा. एमएक्सआर डायना कॉम्पसारख्या दोनच नॉबच्या पेडलवर सेन्सिटिव्हिटी (किती दाबायचं ते ठरवणारा नॉब) घड्याळाच्या नऊ-दहाच्या स्थितीपासून सुरू करा. पेडलला ब्लेंड नॉब (मूळ आणि दाबलेला सिग्नल मिसळणारा) असेल तर तो निम्म्यावर ठेवा. कमी आवाजात हाच नॉब सर्वांत कामाचा, कारण मूळ सिग्नलमधला पिकचा आघात शाबूत राहतो आणि दाबलेला सिग्नल मागची शेपटी लांबवतो.

अटॅककडे, म्हणजे सूर मोठा झाल्यावर दाबायला लागणाऱ्या वेळाकडे, मात्र नीट लक्ष द्या. आवाज कमी असला की तारांचा स्वतःचा, अॅम्पशिवायचा आवाजही ऐकू येतो. अटॅक एक-दोन मिलिसेकंद ठेवलात तर अॅम्पमधल्या सुराचं तोंड दबतं: ‘टक्’ गिटारकडून ऐकू येतो आणि सूर स्पीकरमधून मागाहून आल्यासारखा वाटतो. बोटांना गिटार ढिली लागते, ती त्यामुळेच. २० ते ३० मिलिसेकंदांवर हे बरंचसं जातं. मात्र नॉबची दिशा माहितीपत्रकात पाहून घ्या. काही पेडलवर उजवीकडे फिरवलं की वेळ वाढतो, काहींवर कमी होतो. लूपर (वाजवलेलं रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा ऐकवणारं पेडल) असेल तर तो कॉम्प्रेसरच्या आधी जोडा, चार ओळी रेकॉर्ड करा, गिटार बाजूला ठेवा आणि मग नॉब फिरवा. तारांचा आवाज मध्ये न आल्याने पेडल नेमकं काय करतंय ते स्वच्छ कळतं.

रिलीज (दाबणं सोडायला लागणारा वेळ) १५० ते २५० मिलिसेकंदांपासून सुरू करा. सहावी तार जोरात छेडा आणि लगेच पहिली तार हळूच. पहिल्या तारेचा सूर गिळला गेला तर रिलीज लांब आहे. कॉर्ड विझताना आवाज हेलकावे खात असेल तर रिलीज फार आखूड आहे.

आउटपुट आधी असा जुळवा की पेडल चालू-बंद केल्यावर आवाजाची पातळी सारखीच वाटेल. ही पायरी गाळू नका. कमी आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो (फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं), त्यामुळे थोडंसं मोठं केलेलं काहीही ‘भरदार’ भासतं आणि कॉम्प्रेशन जमलं असं वाटून आपण फसतो. खर्ज हवाच असेल तर अॅम्पच्या बेस नॉबने द्या. कॉम्प्रेसरच्या आधी इक्वलायझरने वाढवलात तर जाड तारा वाजताच कॉम्प्रेसर दाबायला लागतो आणि त्यांच्याबरोबर पातळ तारांचे सूरही बुडतात.

पेडलचा क्रम: गिटार, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह, शेवटी डिले-रिव्हर्ब. फझ (खरखरीत डिस्टॉर्शनचं पेडल) असेल तर तो कॉम्प्रेसरच्याही आधी, कारण बहुतेक जुन्या धाटणीच्या फझना पिकअपचा थेट सिग्नल लागतो. नॉइज गेट (सूर नसताना आवाज बंद करणारं पेडल) वापरत असाल तर तोही कॉम्प्रेसरच्या आधीच. नंतर लावला तर सूर आणि हम यांच्यातलं अंतर आधीच कमी झालेलं असतं, मग गेट सुरांच्या शेपट्याही कापतो. वीजपुरवठा प्रत्येक पेडलला वेगळा, आयसोलेटेड असू द्या. एकाच अॅडॉप्टरवर डिजिटल पेडलही असेल तर त्याची शिट्टी कॉम्प्रेसर उचलून देतो.

आणि तुम्ही मुख्यतः हाय-गेन डिस्टॉर्शनवर वाजवत असाल तर कॉम्प्रेसर घेऊ नका. डिस्टॉर्शनने सिग्नल आधीच पुरता दाबलेला असतो, वरून फक्त सरसर वाढेल.