चमक भरपूर, टंगस्टन कमी

प्रश्न : आमच्या खाणपट्ट्यातले खडक रात्री अतिनील दिव्याखाली निळसर-पांढरे चमकतात, पण प्रयोगशाळेच्या अहवालात टंगस्टन नगण्य येतं. चूक कुठे असावी?

उत्तर : आधी दिवा तपासा. शीलाइट हे टंगस्टनचं खनिज २५४ नॅनोमीटरच्या लघुतरंगी अतिनील प्रकाशात चमकतं. ३६५ च्या स्वस्त दिव्याखाली उजळणारं बहुधा कॅल्साइट किंवा फ्लोराइट असतं. खात्रीसाठी खडक कुटून पसरट भांड्यात पाण्याने धुवा. शीलाइटची घनता ६ च्या आसपास, कॅल्साइटची २.७, तळाशी उरलेले जड कण चमकले तरच पुढे जा. छटा पिवळट असेल तर त्यात मॉलिब्डेनम आहे. वुल्फ्रमाइट हे टंगस्टनचं दुसरं खनिज मात्र चमकतच नाही, म्हणून न चमकणारा खडक फेकू नका!

मग नमुना कसा विरघळवला ते विचारा. नुसत्या आम्लांत टंगस्टन पुरतं उतरत नाही आणि आकडा कमी येतो. लिथियम बोरेटबरोबर वितळवून एक्सआरएफने (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजण्याच्या पद्धतीने) मोजायला सांगा. आकडा टंगस्टनचा की त्याच्या ट्रायऑक्साइडचा, हेही पाहा, पहिल्याला १.२६ ने गुणलं की दुसरा मिळतो.

प्रश्न : कोऱ्या, म्हणजे टंगस्टन नसलेल्या, क्वार्ट्झच्या नमुन्यातही टंगस्टन दिसलं. कसं?

उत्तर : दळायचं भांडं टंगस्टन कार्बाइडचं असणार. पोलादी भांड्यात दळून घ्या आणि दर खेपेला कोरा नमुना घालत राहा. नमुने पाठवतानाही गाभ्याचे (ड्रिलने काढलेल्या खडकाच्या दांड्याचे) तुकडे चमक बघून निवडू नका. ठरावीक लांबीचा सलग अर्धा गाभाच पाठवा. शीलाइट ठिसूळ, त्यामुळे गाभा तुटला तिथे नेमकं तेच वाहून गेलेलं असू शकतं.