नवीन लॅपटॉपवर लोकल अकाउंट करावं की मायक्रोसॉफ्टचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात चप्पल लाइनला दुकान आहे, बिलिंगसाठी विंडोज ११ होमचा लॅपटॉप घेतलाय, चालू करताना तो ईमेल मागतोय आणि दिल्याशिवाय पुढं सरकत नाही. दिवसभर तुम्ही आणि वडील वापरणार, संध्याकाळी बहीण कॉलेजच्या कामाला घरी नेणार. आणि विकणारा म्हणतोय, "ठेवून जावा, तासाभरात सगळं सेट करून देतो."

आधी या शेवटच्या वाक्याचं बघू. ठेवून जाऊ नका. लोकल (ईमेल न देता फक्त त्या लॅपटॉपपुरतं केलेलं खातं) की ऑनलाइन (मायक्रोसॉफ्टचं, ईमेलवरचं) हा प्रश्न नंतरचा. तो लॅपटॉप पहिल्यांदा चालू करताना त्याच्यासमोर तुम्ही स्वतः बसलेलं असणं जास्त गरजेचं आहे.

मी लक्ष्मीपुरी आणि शाहूपुरीतल्या व्यापाऱ्यांची टॅलीची कामं करतो. हरवलेल्या पासवर्डपायी कासावीस झालेली माणसं मी इतकी बघितली आहेत की हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. पण सगळ्यात जास्त लागलं ते घरातलंच. माझी भाची विद्यापीठात एम.एस्सी. करत होती. तिचा लॅपटॉप शहरातल्याच एका दुकानातून घेतला होता. तिथल्या पोराने जागेवर एक नवा ईमेल काढला, त्याला स्वतःचा मोबाइल नंबर जोडला, त्यावर मायक्रोसॉफ्टचं खातं उघडलं, चार आकडी पिन ठेवला आणि तो पिन सांगून लॅपटॉप हातात दिला. वर्षभर कुणाला काही कळलं नाही, कारण रोज उघडायला पिनच लागतो, ईमेलची आठवणसुद्धा होत नाही. मग एका रात्री बायोसचा, म्हणजे मशीन चालू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचा, अपडेट आला. लॅपटॉप बंद होऊन परत चालू झाला आणि समोर निळा पडदा: बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) रिकव्हरी, ४८ आकडी चावी टाका.

ताईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही तिघं त्या पडद्याकडे बघत बसलो होतो. खाली बारीक अक्षरात की आयडी, म्हणजे कुठली चावी लागणार ते ओळखायचा क्रमांक, दिसत होता, त्याची पहिली आठ अक्षरं भाचीने जर्नलच्या मागच्या पानावर उतरवून घेतली. चावी होती, पण ती त्या ईमेलच्या खात्यात होती. तो पोरगा काम सोडून पुण्याला गेला होता. त्याला फोन लागला, त्याने मनापासून आठवायचा प्रयत्न केला. ईमेल आठवला, पासवर्ड नाही. आणि खातं परत मिळवायचा कोड ज्या नंबरवर जाणार, ते सिम त्याने केव्हाच बंद केलं होतं. शेवटी फॉरमॅट मारावा लागला. चार महिन्यांची रीडिंग गेली. गाइडला मेल केलेली दोन प्रकरणं तेवढी वाचली.

त्या पोराच्या मनात काही वाईट नव्हतं. पण चावी कुणाच्या नावावर ठेवतोय हे त्याला माहीत नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं.

हे असं का होतं, ते समजून घ्या, म्हणजे तुमचा निर्णय तुम्हीच घ्याल. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सेटअप केला की विंडोज ११ आतली डिस्क कुलूपबंद करतं, याला डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. त्याची ४८ आकडी चावी त्याच खात्यात आपोआप जमा होते. २०२४ मध्ये आलेल्या २४एच२ आवृत्तीपासून हे कुलूप पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त मशीनवर लागतं. बायोस बदलला, मदरबोर्ड बदलला, कधी कधी बूटच्या सेटिंगला हात लागला, की मशीनला संशय येतो आणि ते चावी मागतं. ती नसेल तर कुणीही, कंपनीसुद्धा, आतलं काढून देऊ शकत नाही.

मग लोकल अकाउंटच बरं, असं वाटेल. त्याची दुसरी बाजू बघा. पहिल्यापासून लोकल अकाउंट केलं तर चावी ठेवायला खातं नसतं, म्हणून होम आवृत्तीत ते कुलूप पुरतं लागत नाही. लॉगिनला पासवर्ड असतो, पण तो फक्त दारावरचा. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की सगळ्या फायली उघड्या. तुमच्या लॅपटॉपवर गिऱ्हाइकांचे नंबर असणार, उधारी असणार, जीएसटीची कागदं असणार, आणि तो रोज संध्याकाळी बहिणीच्या सॅकमधून केएमटीने घरी जाणार. लॅपटॉप बसमध्ये विसरला तर नुकसान फक्त किमतीचं व्हावं, एवढी व्यवस्था तरी हवी. दुकानातच कायम बसलेला डेस्कटॉप असता तर मी तुम्हाला बिनधास्त लोकल करा म्हटलं असतं.

म्हणून तुमच्यासाठी माझं उत्तर दोन्हीचं मिळून आहे. सेटअप मायक्रोसॉफ्टच्या खात्याने करा, पण खातं तुमच्या स्वतःच्या ईमेलचं आणि तुमच्या चालू नंबरचं असू दे. जीमेलचा पत्ता चालतो. इथं एक घोळ हमखास होतो: जीमेलचा पत्ता वापरला म्हणून पासवर्ड जीमेलचा होत नाही. मायक्रोसॉफ्टच्या खात्याचा पासवर्ड वेगळा, तो तुम्ही नव्याने ठेवायचा आणि वहीत लिहायचा. पिन आणखी वेगळा. पिन त्या एकाच लॅपटॉपपुरता असतो, दुसरीकडे कुठंच चालत नाही.

लॅपटॉपबरोबर ऑफिस आलं असेल, तर तेही ज्या खात्याने पहिल्यांदा चालू कराल त्याच खात्याला कायमचं चिकटतं. दुकानात कुणाच्या तरी ईमेलवर ते चालू झालं, तर पैसे तुमचे आणि परवाना दुसऱ्याच्या नावावर. पुढं फॉरमॅट मारला की तेव्हा कळतं.

सेटअप झाल्यावर त्याच दिवशी सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का बघा. मग ब्राउझरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या तुमच्या खात्याच्या पानावर जा, डिव्हायसेसमध्ये तुमच्या लॅपटॉपची रिकव्हरी की दिसेल. सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात. दोन कागदांवर लिहा, एक दुकानाच्या लोखंडी कपाटात, एक घरी. लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. मी व्यापाऱ्यांकडे जातो तेव्हा हे काम त्यांच्यासमोर करतो आणि आकडे त्यांनाच मोठ्याने वाचायला लावतो, म्हणजे चूक राहत नाही. खात्यात दोन वर्षांतून एकदा तरी साइन-इन होऊ द्या. त्यापेक्षा जास्त काळ पडून राहिलेलं खातं मायक्रोसॉफ्ट बंद करू शकतं.

आता वनड्राइव्ह, म्हणजे फायली ठेवायची मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन जागा. ऑनलाइन खात्याबद्दल लोकांची सगळ्यात जास्त तक्रार याचीच असते आणि ती खरी आहे. सेटअपमध्येच डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही फोल्डरं वनड्राइव्हला जोडली जातात. फुकट जागा ५ जीबी. फोटो टाकायला लागलात की महिन्यात भरते, मग जागा विकत घ्या म्हणून सूचना सुरू होतात. त्या बंद व्हाव्यात म्हणून माणूस मोबाइलवर वनड्राइव्ह उघडतो आणि फायली डिलीट करतो, आणि त्याच फायली लॅपटॉपवरूनही जातात, कारण त्या एकच असतात. असं कधी झालं तर घाबरू नका, वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्ये त्या ३० दिवस असतात. पण मुळात वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये जाऊन फोल्डर बॅकअप बंद करून टाका. बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसला, तर फायली वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असतात, तिथून उचलून परत आणायच्या. आणि वनड्राइव्ह चालू आहे म्हणजे दुकानाच्या हिशेबाचाही बॅकअप होतोय, असं समजू नका. बिलिंगचा डाटा बहुतेक वेळा या तीन फोल्डरांच्या बाहेर असतो.

बॅकअपचं मी जरा जास्त बोलतो, त्याला कारण आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट असताना पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. माझं टेबल शाहूपुरीत तळमजल्यावर होतं. मी तेव्हा पक्का लोकलवाला. डाटा आपल्या मशीनवर, बॅकअप आपल्या हार्डडिस्कवर, बाहेर कुणाकडे काही नाही, याचा मला अभिमान होता. ती हार्डडिस्क त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होती. पाणी ओसरल्यावर ड्रॉवर उघडला तर लाकूड फुगून अडकलेलं, आत गाळ, आणि गाळात ती डिस्क. चौदा व्यापाऱ्यांचे हिशेब मी जीएसटीच्या पोर्टलवरची विवरणपत्रं आणि ओल्या बिलबुकांवरून परत उभे केले. दिवाळी त्यातच गेली. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा डिस्क राजारामपुरीत मेहुण्याकडे होती. खातं कुठलंही करा, आठवड्याला एक बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन तो दुकानाबाहेर, वरच्या मजल्यावर जाऊ दे.

ईमेल न देता पुढं जायच्या युक्त्या तुम्ही व्हिडिओत बघितल्या असतील. शिफ्ट आणि एफ१० दाबून काळ्या खिडकीत कमांड टाकायची वगैरे. त्या चालायच्या. पण मायक्रोसॉफ्ट एकेक करून त्या वाटा बंद करतंय, २०२५ मध्ये दोन नावाजलेल्या युक्त्या चाचणी आवृत्त्यांमधून काढल्या गेल्या. व्हिडिओ जुना, लॅपटॉप नवा, आणि तुम्ही मधेच अडकलेले, असं व्हायला नको. प्रो आवृत्तीत मात्र साइन-इन ऑप्शन्समधून डोमेन जॉइनची सरळ वाट आहे, ती वापरून लोकल खातं होतं. खासगीपणासाठी लोकल हवं असेल तर एवढं लक्षात ठेवा की लोकल खात्यावरही विंडोज आवश्यक ती तांत्रिक माहिती कंपनीला पाठवतंच. सेटअपमध्ये लोकेशन, जाहिराती, टायपिंग असं एकेक विचारतात, तिथं घाई न करता नको ते बंद करा.

वडिलांसाठी लोकल खातंच करा. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, अ‍ॅड अकाउंट. तिथं परत ईमेल मागेल, तेव्हा 'या व्यक्तीची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही' अशा अर्थाची ओळ निवडायची आणि पुढच्या पानावर 'मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय युजर'. पासवर्ड ठेवताना तीन सुरक्षा प्रश्न विचारेल, त्यांची उत्तरंही वहीत लिहा, नाहीतर "पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव" याला म्हशीचं टाकलं होतं की कुत्र्याचं, हे दोन वर्षांनी आठवत नाही. हे खातं स्टँडर्डच राहू दे, अ‍ॅडमिन करू नका. वडिलांना कुणी फोनवर गोड बोलून काही इन्स्टॉल करायला सांगितलं, तर बहुतेक वेळा मशीन तुमचा पिन मागेल आणि गाडी तिथंच थांबेल. बहिणीला तिसरं खातं द्या, तेही असंच. तुमचं अ‍ॅडमिन खातं फक्त काही बसवायचं असेल तेव्हा उघडा.

नाव टाकताना पहिल्यांदा इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता टाका. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने केलेल्या युजरच्या फोल्डरला ईमेलची पहिली पाच अक्षरं लागतात, पण लोकलमध्ये तुम्ही टाकाल तेच नाव फोल्डरला बसतं आणि नंतर सहज बदलत नाही. देवनागरी नावाचं फोल्डर असलं की काही जुनी बिलिंगची सॉफ्टवेअर अडतात, हे मी दोन ठिकाणी निस्तरलंय. एकदा खातं तयार झालं की पडद्यावर दिसणारं नाव मराठीत करता येतं. वडिलांना चालू केल्यावर स्वतःचं नाव मराठीत दिसलं की बरं वाटेल.

खोका अजून फोडला नसेल तर तसाच घरी आणा आणि रविवारी निवांत बसा, दोन तास पुरतात. दुकानात आधीच सेट करून ठेवला असेल, तर सेटिंग्जमध्ये अकाउंट्सखाली कुठला ईमेल दिसतोय ते इथं न टाकता फक्त 'माझा आहे' की 'माझा नाही' एवढं कळवा, त्यानुसार पुढचं सांगतो.